परवाना कोणाचा, कशाचा आणि तपासला कोणी? अमेरिकेत मुलासाठी व्यसनमुक्ती केंद्र निवडण्यापूर्वीची चौकशी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांवर आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी निवासी व्यसनमुक्ती केंद्र शोधण्याची वेळ येते, तेव्हा हाताशी फार तर काही दिवस असतात, कुणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही आणि भारतातील नातेवाइकांना तर बहुतेक वेळा काही सांगितलेलेच नसते. अशा अवस्थेत एखाद्या केंद्राच्या संकेतस्थळावर ‘राज्य सरकारचा परवाना’ हे शब्द दिसले की जीव भांड्यात पडतो. ज्या देशात केस कापायलाही परवाना लागतो, तिथे मुलांच्या उपचारकेंद्राची कुणीतरी कसून तपासणी केलीच असणार, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक पुष्कळदा चुकीचे ठरते. देखरेखीची व्यवस्था अस्तित्वात आहे, पण तिला मोठी भगदाडे आहेत आणि ती प्रत्येक राज्यात वेगळ्या जागी आहेत. ती कुठे असतात आणि सही करण्यापूर्वी पालकांनी स्वतः काय तपासावे, हे या व्यवस्थेची काहीच माहिती नसलेल्यांसाठी येथे क्रमाने लिहिले आहे.

सर्वांत आधी: घाई किती आहे ते ठरवा

मूल शुद्धीवर येत नसेल किंवा त्याचा श्वास मंदावला असेल, तर ९११ ला फोन करणे हे एकच काम आहे. अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाचा परिणाम उतरवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळतो आणि अशा पदार्थांची थोडीही शंका असेल तर तो घरात असावा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील तर ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

याखेरीजच्या बहुतेक प्रसंगी तुमच्याजवळ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ असतो. ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असे सांगणाऱ्या माणसावर, मग तो कितीही आपुलकीने बोलत असला तरी, त्या क्षणी विश्वास ठेवू नये. त्या वेळात मुलाची तपासणी किशोरवयीनांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा व्यसनोपचाराचे विशेष शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडून करून घ्यावी, आणि हा डॉक्टर ज्या केंद्रात मुलाला पाठवायचे त्याच केंद्राच्या पगारावरचा नसावा. निवासी उपचार हा अनेक पातळ्यांपैकी एक आहे. आठवड्यातून ठरावीक तासांचे बाह्यरुग्ण उपचार, दिवसभराचे उपचार, चोवीस तास वैद्यकीय देखरेखीखालचे उपचार अशा पायऱ्या अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिन या संस्थेने निकषांसह आखून दिल्या आहेत. ‘या निकषांप्रमाणे माझ्या मुलाला कोणती पातळी लागते आणि का?’ एवढे लेखी मागावे. घरी राहून उपचार होण्यासारखे असतील, तर पुढच्या अर्ध्याअधिक काळज्या उरतच नाहीत.

देखरेख कोणाची, हे समजून घ्या

खाजगी निवासी केंद्रांना परवाना देणारी कोणतीही केंद्रीय यंत्रणा अमेरिकेत नाही. परवाना, तपासणी आणि कारवाई या तिन्ही गोष्टी राज्यांच्या हाती आहेत. केंद्र सरकारचे नियम प्रामुख्याने पैशाच्या मागोमाग येतात. उदाहरणार्थ, मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेचे) पैसे घेणाऱ्या मनोरुग्ण निवासी उपचारकेंद्रांना मुलाला जखडून ठेवण्यावर वेळेची मर्यादा आहे: ९ ते १७ वर्षांच्या मुलासाठी एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त २ तास असते. गंभीर दुखापत किंवा आत्महत्येचा प्रयत्न झाला तर त्यांनी पुढच्या कामकाजाच्या दिवशी दिवसअखेरपर्यंत राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला कळवावे लागते आणि पालकांना चोवीस तासांच्या आत सांगावे लागते. जे केंद्र सगळे पैसे पालकांच्या खिशातून घेते, त्याला यांपैकी काहीच लागू नसू शकते. महागडे केंद्र म्हणजे अधिक कडक देखरेख, ही आपली समजूत येथे उलटी पडते, आणि सुशिक्षित, कमावती कुटुंबे याच ठिकाणी फसतात.

ही परिस्थिती नवी नाही. फ्लोरिडात १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘द सीड’ या किशोरवयीन व्यसनमुक्ती कार्यक्रमाला केंद्र सरकारचे अनुदान मिळत होते. १९७४ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीने त्याच्या पद्धतींची तुलना उत्तर कोरियाच्या ब्रेनवॉशिंगशी केली. त्याच धाटणीचा ‘स्ट्रेट’ हा कार्यक्रम १९७६ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे सुरू झाला आणि अनेक राज्यांत पसरला. भावाला भेटायला आलेल्या एका तरुणाला डांबून ठेवल्याबद्दल १९८३ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने त्याला २,२०,००० डॉलर देवविले. तरीही कार्यक्रम पूर्णपणे बंद व्हायला १९९३ उजाडले. निकाल लागल्यानंतरची ती दहा वर्षे मला सर्वांत अस्वस्थ करतात, कारण त्या काळात मुलांना तिथे नेणाऱ्या पालकांपुढेही ‘परवाना आहे’ हेच उत्तर होते.

अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २००७ आणि २००८ मध्ये निवासी कार्यक्रमांवर अहवाल दिले. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी अत्याचाराच्या घटनांत गुंतल्याचे कळवले होते. २००६ मध्ये २८ राज्यांत निवासी केंद्रांत किमान एका मुलाचा मृत्यू झाल्याची नोंद होती. काही राज्ये काही प्रकारच्या केंद्रांना परवान्याची अटच घालत नाहीत, हेही त्यांत स्पष्ट झाले. त्यानंतर प्रतिनिधिगृहाने २००८ आणि पुन्हा २००९ मध्ये देशव्यापी किमान नियमांचे विधेयक मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावर एक कायदा झाला खरा, मात्र तो या केंद्रांचा अभ्यास आणि शिफारशी करण्यापुरता आहे. त्याने कुणाला परवाना दिला नाही की कुणाचा काढून घेतला नाही. म्हणून ‘आता केंद्र सरकारचा कायदा आला आहे’ असे सांगून कुणी निर्धास्त करू लागले, तर तेवढ्यावर विसंबू नये.

परवान्याचा प्रकार विचारा

या चौकशीत एकच पायरी नीट करायला वेळ असेल, तर ती ही करावी. केंद्राला फोन करून ‘परवाना आहे का?’ असे विचारल्यास उत्तर ‘हो’ असेच येते आणि ते बहुधा खरेही असते. विचारायचे ते असे: परवाना कोणत्या खात्याचा आहे, त्यावर कोणत्या प्रकारची सेवा लिहिली आहे, कोणत्या वयाच्या किती मुलांसाठी आहे, कोणत्या पत्त्यासाठी आहे आणि त्याची मुदत कधी संपते. परवान्याची प्रत ईमेलने मागवावी. ती द्यायला जे केंद्र काकू करते, त्याचा विचार तिथेच थांबवावा.

इतके खोदून विचारायचे कारण असे की, राज्यात ही कामे वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली असतात. मुलांच्या निवासाचा परवाना बालकल्याण खाते देते, व्यसनोपचाराचा परवाना आरोग्य किंवा वर्तनआरोग्य (मानसिक आरोग्य आणि व्यसन यांचे) खाते देते आणि शाळेची नोंदणी शिक्षण खात्याकडे असते. एखाद्या संस्थेकडे यांपैकी एकच असतो आणि जाहिरात तिन्हींची होते. ‘थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूल’, म्हणजे उपचारांची जोड असलेली निवासी शाळा, म्हणून नोंदलेली जागा व्यसनमुक्तीचे काम करत असेल, तर तिथे उपचार देणाऱ्यांची पात्रता तपासायला कुणीच जात नाही, असे घडू शकते. केंद्राने स्वतःला दिलेले नाव बदलले की तपासणारे खाते बदलते किंवा नाहीसेच होते, हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे.

काही राज्यांत सूट कायद्यातच लिहिलेली असते. फ्लोरिडात धार्मिक संस्थांच्या बालगृहांना राज्याच्या परवान्याऐवजी एका धार्मिक संघटनेकडे नोंदणी करून चालते. मिझुरीत अशा निवासी संस्था वर्षानुवर्षे परवान्याच्या कक्षेबाहेर होत्या, आणि त्यांना राज्याला कळवणे व कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे २०२१ च्या कायद्याने बंधनकारक झाले. मोंटानात २०१९ पर्यंत खाजगी किशोर कार्यक्रमांची देखरेख अशा मंडळाकडे होती, ज्यावर कार्यक्रम चालवणारेच सदस्य म्हणून बसत. श्रद्धेचा आधार घेऊन व्यसन सोडणारी माणसे असतात आणि त्यांचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु संस्थेची श्रद्धा कोणतीही असो, रात्रपाळीला किती माणसे आहेत आणि त्यांची गुन्हेविषयक तपासणी झाली आहे का, हे बाहेरच्या कुणीतरी पाहिलेच पाहिजे.

परवान्याची प्रत मिळाली की केंद्राने दिलेला क्रमांक न वापरता त्या खात्याचा क्रमांक खात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा आणि परवाना शाखेला फोन करावा. परवाना चालू आहे की अटींसह दिलेला आहे, हे आवर्जून विचारावे, कारण अडचणीत आलेल्या केंद्रांना पुष्कळदा तात्पुरता किंवा सशर्त परवाना दिलेला असतो आणि जाहिरातीत तो साधा ‘परवाना’च असतो. त्याच पत्त्यावर किंवा त्याच मालकाच्या नावे पूर्वी दुसऱ्या नावाचे केंद्र होते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

तपासणीचे अहवाल वाचा

परवाना मिळाला त्या दिवशी जागा कशी होती एवढेच परवाना सांगतो. आज ती कशी आहे हे तपासणी अहवालातून कळते. अनेक राज्ये हे अहवाल संकेतस्थळावर ठेवतात. जिथे ते नसतात, तिथे राज्याच्या माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली लेखी अर्ज करता येतो. अर्जात गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल, सिद्ध झालेल्या तक्रारी आणि केंद्राने दिलेले दुरुस्तीचे आराखडे मागावेत.

अहवाल वाचताना आगीचा बंब कुठे टांगला होता अशा नोंदींवर अडकू नये. औषधे देण्यातील चुका, मुलांना धरून ठेवण्याचे प्रसंग, पळून गेलेली मुले, कमी पडणारे कर्मचारी आणि तीच त्रुटी दुसऱ्यांदा सापडणे या पाच गोष्टी शोधाव्यात. एकही त्रुटी नसलेला अहवाल पाहून मला उलट शंका येते. तपासणी आधी कळवून झाली होती का आणि तपासनीस मुलांशी एकांतात बोलला का, हे खात्यालाच विचारावे.

तपासण्या किती वेळा होतात, यातही मोठा फरक आहे. युटा राज्यात अशी केंद्रे मोठ्या संख्येने आहेत. तिथे प्रसिद्ध अमेरिकी कलाकार पॅरिस हिल्टन यांनी किशोरवयात अशाच केंद्रात आलेल्या अनुभवांविषयी २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर साक्ष दिली आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने वर्षातून चार तपासण्या, तसेच मुलाला दर आठवड्याला कुटुंबाशी खाजगीत बोलण्याची मुभा बंधनकारक केली. सगळीकडे असे नाही. काही राज्ये जॉइंट कमिशन किंवा कार्फ यांसारख्या खाजगी संस्थांचे मान्यतापत्र असले की स्वतःची तपासणी कमी करतात किंवा सोडून देतात. या संस्थांचे निकष चांगले असतात. पण त्यांच्या भेटी काही वर्षांतून एकदा होतात आणि त्याचे शुल्क केंद्रच भरते. मान्यतापत्र असणे ही जमेची बाजू आहे, पण तक्रार आल्यावर दार ठोठावणारी यंत्रणा म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

सल्लागार आणि पैसा

मोफत मार्गदर्शन करणाऱ्या हेल्पलाइनला किंवा ‘शैक्षणिक सल्लागारा’ला पहिला प्रश्न असा विचारावा की, तुम्हाला पैसे कोण देते. जीएओच्या कर्मचाऱ्यांनी २००८ मध्ये खोटे पालक बनून फोन केले, तेव्हा मुलासाठी योग्य जागा शोधून देतो म्हणणारी एक सेवा पुन्हा पुन्हा एकाच केंद्राचे नाव सांगत होती आणि ते केंद्र सेवा चालवणाऱ्या व्यक्तीच्या जोडीदाराचे निघाले. केंद्र सरकारच्या साम्हसा या व्यसन व मानसिक आरोग्य सेवांच्या संस्थेची १-८००-६६२-४३५७ ही हेल्पलाइन कुणाचे कमिशन घेत नाही. मात्र तिच्या यादीत केंद्राचे नाव असणे म्हणजे सरकारची शिफारस नव्हे.

खर्चाची कल्पना आधीच असावी. २०२२ मध्ये संशोधकांनी पालक असल्याचे भासवून देशभरातील १६० किशोर निवासी केंद्रांना फोन केले, तेव्हा सरासरी खर्च दिवसाला ८७८ डॉलर सांगण्यात आला आणि जवळपास निम्म्या केंद्रांनी काही रक्कम आगाऊ मागितली. मूल मध्येच परत आणले तर त्यातले किती परत मिळते, हे करारात शोधावे. हे कलम कठोर असेल, तर पुढे मनात शंका आली तरी पालकांचा पाय निघत नाही.

त्याच संशोधकांना अफूवर्गीय व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध किशोरांना देणारी केंद्रे १६० पैकी ३९ च सापडली. हे औषध १६ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी मान्य आहे आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१६ पासून असे उपचार उपलब्ध करून द्यावेत असे सांगत आली आहे. मुलाचे व्यसन फेंटानिल या अफूवर्गीय पदार्थाचे किंवा तत्सम गोळ्यांचे असेल आणि केंद्र ‘आम्ही औषधे देत नाही’ हे अभिमानाने सांगत असेल, तर ते नाव यादीतून काढावे. काही काळ बंद राहून शरीराची सहनशक्ती उतरलेले मूल बाहेर येऊन पुन्हा तेवढाच डोस घेते, तेव्हा जीव जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. राज्याचा परवाना या बाबतीत बहुधा काहीच विचारत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी

प्रौढ माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचे तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. अल्पवयीन मुलासाठी बहुतेक ठिकाणी पालकांची सही पुरते आणि म्हणून त्या सहीइतका मुलाला दुसरा आधार नसतो. करारात पुढील बाबी लेखी हव्यात: मूल घरी फोन कधीपासून आणि किती वेळा करू शकेल, तो फोन कुणी ऐकत असेल का, पत्रे उघडली जातील का, आणि तुम्ही न कळवता भेटायला येऊ शकता का. ‘पहिला महिनाभर संपर्क नाही, कारण मुले पालकांना भुलवतात’ असे सांगणाऱ्या केंद्रात, माझ्या मते, मुलाला ठेवू नये. ज्या मुलाचे बोलणे आधीच खोटे ठरवून ठेवले आहे, त्याची खरी तक्रारही मग कुणापर्यंत पोहोचत नाही.

मुलाला जखडणे, एकांतात कोंडणे, जेवण किंवा झोप तोडणे, मुलांनीच मुलांना शिक्षा देणे याविषयीचे धोरण लेखी मागावे. पालकत्वाचे अधिकार केंद्राकडे सोपवणारे मुखत्यारपत्र आणि वाद लवादाकडेच नेण्याची अट वकिलाला दाखवल्याशिवाय मान्य करू नये. मुलाला पहाटे घरातून उचलून नेणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट’ सेवांवर बऱ्याच राज्यांत काहीच नियंत्रण नाही. ओरेगनसारख्या काही राज्यांनी अलीकडे त्यांना परवान्याच्या कक्षेत आणले आहे. स्वतः सोबत जाणे शक्य असेल तर तेच करावे.

केंद्र दुसऱ्या राज्यात असेल, तर अडचण वाढते. तुमच्या राज्याला तिथे तपासणीचा अधिकार नसतो आणि तिथल्या राज्याला तुमचे मूल तिथे आहे हे ठाऊक असेलच असे नाही. मुलांना राज्याबाहेर ठेवण्यासंबंधी सर्व ५० राज्यांचा एक करार आहे, पण मुख्यतः शिक्षण देणाऱ्या संस्था आणि रुग्णालये त्यातून वगळलेली आहेत. हा करार तुमच्या प्रवेशाला लागू होतो का आणि त्याची कागदपत्रे कोण भरणार, हे दोन्ही राज्यांच्या संबंधित कार्यालयांत विचारावे. चालत्या मोटारीने तासा-दोन तासांत पोहोचता येईल अशी जागा थोडी कमी प्रतिष्ठेची असली तरी मी तीच निवडण्याचा सल्ला देईन.

प्रवेशानंतर

पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटावे. वजन उतरणे, अंगावरच्या खुणा, फोनवर कुणी शेजारी उभे असल्यासारखे तुटक बोलणे, औषधांत न विचारता झालेला बदल यांची तारखेसह वही ठेवावी. फोनवर मुलाशी मराठीत बोलण्यास केंद्राने मनाई केली, तर कारण लेखी मागावे आणि दुभाष्याची व्यवस्था करायला सांगावे.

माहिती मागितल्यावर ‘गोपनीयतेचा कायदा आड येतो’ असे उत्तर मिळू शकते. व्यसनोपचाराच्या नोंदींना केंद्र सरकारचा स्वतंत्र आणि कडक गोपनीयता नियम खरोखरच लागू आहे, आणि ज्या राज्यांत अल्पवयीन मूल स्वतःच्या संमतीने उपचार घेऊ शकते, तिथे त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांनाही माहिती देता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच मुलाशी बोलून ती संमती घ्यावी. बालअत्याचाराची शंका कळवण्याला मात्र हा नियम आड येत नाही. त्या बाबतीत गोपनीयतेचे कारण पुढे करणारे केंद्र चुकीचे सांगत असते.

तक्रार करायची वेळ आली तर ती एकाच ठिकाणी करून थांबू नये. ज्या राज्यात केंद्र आहे तिथल्या बालसंरक्षण विभागाला फोन करावा. तो क्रमांक सापडत नसेल, तर चाइल्डहेल्प या बालसंरक्षणाच्या संस्थेच्या १-८००-४२२-४४५३ या हेल्पलाइनवरून मिळतो. परवाना देणाऱ्या खात्याला स्वतंत्र लेखी तक्रार द्यावी, कारण बालसंरक्षण विभाग एका मुलाचे प्रकरण पाहतो आणि परवाना खाते सबंध केंद्राचे. मेडिकेड किंवा विमा कंपनी पैसे देत असेल तर तिलाही कळवावे. चौथे ठिकाण पालकांना क्वचितच माहीत असते: मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांसाठी प्रत्येक राज्यात ‘प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी’ नावाची संस्था आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तिला अशा केंद्रांत जाण्याचा, तिथल्या लोकांशी बोलण्याचा आणि नोंदी पाहण्याचा अधिकार दिला आहे आणि तिची सेवा मोफत असते. व्यसनाबरोबर नैराश्य, चिंताविकार किंवा तत्सम निदान असलेली पुष्कळ मुले तिच्या कक्षेत येतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनातील एका निवासी शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्यानंतर चोवीस तासांच्या आत मरण पावला. त्यानंतर राज्याने बाकीची मुले हलवली आणि पुढे शिबिराचा परवाना रद्द केला. खात्याला एवढे करता येते, पण पुष्कळदा काहीतरी घडून गेल्यावरच. म्हणून मुलाच्या जिवाला धोका वाटत असेल, तर तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता त्याला घेऊन यावे. केंद्राने सोडायला नकार दिला तर तिथल्या पोलिसांना बोलवावे आणि घरी आणताच त्याच दिवशी मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासणी करून प्रत्येक खुणेची नोंद करून घ्यावी. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख त्याच वहीत लिहावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर तोच क्रमांक देऊन पुन्हा लिहावे आणि त्या पत्राची प्रत केंद्र ज्या भागात आहे तिथल्या राज्य विधिमंडळ सदस्याच्या कार्यालयाला पाठवावी.